बांधीतले क्रिकेट आणि बॅटीखालचे आकडे

आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी बऱ्याच वर्षांनी एकत्र येतात तेव्हा त्यांचे बोलणे थोड्याच वेळात कोठे वळते, हे आम्ही अनेक मेळाव्यांतून पाहत आलो आहोत. गुणपत्रिका, नोकरी, मुलांची लग्ने हे सारे मागे पडते आणि कोणीतरी म्हणतो, "तो तेलाचा डबा आठवतो का रे?" मग धानाची रिकामी बांधी, सायकलच्या ट्यूबचा चेंडू आणि 'मी बाद नव्हतोच' हा तीस वर्षांपूर्वीचा वाद पुन्हा सुरू होतो. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा आम्ही ठरविले की, ज्याला सहसा कोणी लेखाचा विषय मानीत नाही, त्या या खेळावरच लिहावे. क्रिकेटला सपाट मैदान, बावीस यार्डांची खेळपट्टी, लाकडी यष्ट्या आणि पंच लागतात. यांपैकी काहीही नसलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत हा खेळ कसा खेळला गेला आणि त्याने आम्हांला काय शिकविले, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

प्रथम जागेचा विचार करू. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि पलीकडे आरमोरी, वडसा हा सारा झाडीपट्टीचा धानाचा मुलूख. पाणी अडविण्यासाठी प्रत्येक बांधीला चारही बाजूंनी धुरा असतो. दिवाळीनंतर धान कापला गेला की बांधी मोकळी होते. परंतु उभ्या धानातच ओलीवर लाखोळी फेकलेली असेल तर तीत पाय ठेवता येत नाही. त्यामुळे कोणत्या बांधीत खेळायचे हे आमच्या मनावर नव्हते, पिकाच्या हिशेबावर होते. फाल्गुनात लाखोळी निघाली की शिवार आमचे. वैशाखात मामा तलावाचे आणि बोड्यांचे पाणी हटले की उघडा पडलेला तळ हेच मैदान. तेथे भेगा इतक्या रुंद की चेंडू त्यांत बसत असे. घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, बल्लारपूरकडच्या मुलांची गोष्ट वेगळी. तेथे क्वार्टरांच्या दोन ओळींमधली वाट, कोळशाची काळी धूळ आणि खिडक्यांच्या काचा. ऊन मात्र सर्वांचे सारखे. म्हणून खेळ सकाळी नऊच्या आत नाहीतर पाचनंतर.

गावाला स्वतःचे मैदान का नव्हते, याचे उत्तर जमिनीच्या दप्तरात आहे. आमच्याकडे शेती नसलेली बहुतेक जमीन राखीव वा संरक्षित वनात तरी मोडते, नाहीतर महसुली कागदांत 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली असते. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर अशी वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरण्यास केंद्र सरकारची मंजुरी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीवर शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरच्या आत वनजमीन देण्याची सोय केली. त्या तेरांच्या यादीत क्रीडांगणाचे नाव नाही. उलट २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. या दोन कायद्यांच्या मध्ये जी पोरे उभी होती आणि आहेत, ती बांधीत खेळतात.

साधनांचेही तसेच. सिरोंचाकडून येणारी मुले ताडाच्या झावळीचा देठ बॅट म्हणून वापरीत. बुंध्याकडे तो रुंद असतो. फक्त कडेचे काटेरी दाते विळ्याने खरवडून काढावे लागतात. इतरांची बॅट म्हणजे सागाची फळी किंवा कपडे धुण्याची मोगरी. चेंडू चिंध्यांचा, त्याला उसळी यावी म्हणून जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून एकावर एक चढवायच्या. यष्ट्यांच्या जागी विटा ठेवल्या तर चेंडू वरून गेला की लागला, यावर भांडण ठरलेले. म्हणून पत्र्याचा डबा. डबा वाजला की वाद संपला. पंचाचे काम पत्र्याने केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथेच या खेळाच्या नियमांचे मर्म सापडते. बांधीतल्या क्रिकेटमध्ये पायचीत हा प्रकार जवळजवळ कोठेही नव्हता. तो निर्णय देण्यास तटस्थ पंच लागतो आणि खेळायला आलेला प्रत्येक जण कोणत्या तरी बाजूचा असे. म्हणून जे सर्वांना दिसते किंवा ऐकू येते तेवढेच नियम टिकले. डबा वाजला, बाद. एक टप्पा पडून एका हाताने झेल घेतला, बाद. धुऱ्याला चेंडू टेकला, दोन धावा. धुऱ्यापलीकडे घरंगळत गेला, चार. उंच टोला लाखोळीत पडला तर सहा नव्हे, बाद. कारण पिकात शिरून चेंडू शोधायचा म्हणजे शेतमालकाच्या शिव्या. जो मारील तो आणील. खेळपट्टी सर्वांत लहान मुलाच्या पावलांनी मोजायची, म्हणजे त्याचा चेंडू टप्प्याआधी मरणार नाही.

एक नियम मात्र कोणत्याही वादाला जागा न ठेवणारा होता : झुडपांत गेलेला चेंडू दिवस कलल्यावर आणायचा नाही. चेंडू गेला तर गेला. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत वाघ गावाच्या शिवेपर्यंत येतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. आठवडाभर खपून केलेला चेंडू डोळ्यांसमोर झुडपात दिसत असूनही मागे फिरणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला आम्ही आजही सर्वांत शिस्तीचा खेळाडू मानतो.

हे खरे क्रिकेट नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर क्रिकेटचा इतिहासच देतो. आग्नेय इंग्लंडच्या मेंढ्या चरणाऱ्या कुरणांत हा खेळ वाढला. तेव्हा बॅट हॉकीच्या काठीसारखी वाकडी होती आणि यष्ट्या दोनच होत्या. तिसरी यष्टी १७७५ च्या सुमारास आली. नियम प्रथम लिहून काढले गेले ते १७४४ साली. मेरिलिबोन क्रिकेट क्लबने आपली नियमावली केली १७८८ मध्ये. म्हणजे खेळ आधी, जागेप्रमाणे तडजोड नंतर आणि पुस्तक सर्वांत शेवटी. आपल्या परंपरेतही काठीचे खेळ जुनेच. दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात त्या काळच्या खेळांची यादी आली आहे. तीत 'घटिक' नावाचा खेळ आहे; लांब दांड्याने आखूड दांडा मारण्याचा खेळ, असा त्याचा अर्थ बुद्धघोषांच्या अट्ठकथेत दिला आहे. तो आपला विटी-दांडूच होय. ही यादी भिक्खूंनी कशात वेळ दवडू नये हे सांगण्यासाठी आहे, हे खरे. विद्यार्थ्यांनी संध्याकाळी खेळू नये असा तिचा अर्थ कोणी काढू नये.

इथपर्यंतची हकिगत गोड आहे. परंतु इतिहास गोड भागापाशी थांबत नाही. आम्ही लहान असताना एका गावात, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, बॅट गावातल्या मोठ्या घरच्या मुलाची होती. ज्याची बॅट त्याची पहिली पाळी, हा अलिखित नियम. त्याच्यानंतर त्याच्या भावांची, मग त्याच्या आळीची. आम्ही बौद्धपुऱ्यातली मुले धुऱ्यावर उभी. चेंडू आणायला आम्ही, टाकायलाही आम्ही. आमची पाळी येईपर्यंत दिवस मावळत असे. चेंडू एखाद्या अंगणात गेला की आम्हांला थांबविले जाई आणि दुसरा कोणी तो आणी. आम्ही धावायचे कोठपर्यंत, हे धुऱ्याने नव्हे तर जातीने ठरविले होते. मैदान उंचसखल होते याचे दुःख आम्हांला कधी झाले नाही. दुःख झाले ते पाळीचे.

पुढे इतिहास शिकताना बाळू पालवणकरांचे चरित्र वाचले आणि आमच्या धुऱ्यावरची गोष्ट किती जुनी आहे ते कळले. चर्मकार कुटुंबातला हा मुलगा लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर खेळ शिकला. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटण्याचे, जाळी लावण्याचे काम त्याने केले आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी टाकली. फलंदाजी मात्र तेथे त्याच्या वाट्याला आली नाही, असे चरित्रकार नोंदवितात. पुढे हिंदू संघाला त्यांची डावखुरी फिरकी हवी होती. परंतु चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही भावांनी उघड निषेध केल्यानंतर काही वर्षांनी. बाबासाहेबांनी बाळूंचा गौरव केला होता. पुढे बाळू पुणे कराराच्या वेळी गांधीजींच्या बाजूला राहिले आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. हा भाग आपल्या लोकांना बोचतो, म्हणून पुष्कळदा सांगितला जात नाही. आमच्या मते तो सांगावा. मतभेद झाला म्हणून त्या चेंडूचे तेज कमी होत नाही आणि चेंडू उत्तम टाकला म्हणून तंबूतली जागा आपोआप मिळत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात दिसतात.

वसतिगृहात आल्यावर आमच्या खेळात एकच बदल झाला, पण तो मुळाशी होता. तेथली बॅट कोणा एकाची नव्हती. ती वसतिगृहाची होती. त्यामुळे पहिली पाळी कोणाची हा प्रश्न खरोखरच उभा राहिला आणि त्याचे उत्तर आकड्यांनी दिले. एक जण मातीत रेघा ओढून त्यांच्या टोकाशी आकडे लिहितो, आकड्यांवर बॅट आडवी ठेवतो. बाकीचे एकेक रेघ धरतात. मग बॅट उचलली जाते. लिहिणाऱ्याला उरलेली शेवटची रेघ. ही युक्ती आम्ही शोधलेली नाही, ती महाराष्ट्रभर मुलांना ठाऊक आहे. परंतु धुऱ्यावरून आलेल्या मुलाला आयुष्यात प्रथमच '१' हा आकडा आला तेव्हा त्याने बॅट हातात घेऊन चारही बाजूंना पाहिले होते, कोणी हरकत घेतो का म्हणून. कोणी घेतली नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती; भिक्खुसंघात ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम पाळले जात. हे वाचताना आम्हांला ते मातीतले आकडे आठवतात. ज्या वस्तूवर सर्वांचा सारखा हक्क आहे, तिच्या वापराचा नियम सर्वांसमोर व्हावा लागतो, हे आम्ही नागरिकशास्त्राच्या तासाआधी बांधीत शिकलो होतो.

मात्र येथे आमचीही एक चूक नोंदविली पाहिजे. मुलींचे वसतिगृह पलीकडेच होते. ज्या आकड्यांनी आम्हांला पाळी दिली, ते आकडे आम्ही त्यांच्यासाठी कधी लिहिले नाहीत. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलेले सूत्र आम्ही दर १४ एप्रिलला भाषणात म्हणत होतो आणि संध्याकाळी मुली भिंतीपलीकडून पाहत होत्या. त्या काळी आम्हीच मोठ्या घरची मुले होतो.

शेवटी एक गैरसमज दूर करावयाचा आहे. अभावातून गुण येतो, म्हणून अभाव चांगला, असे काही जण म्हणतात. नागपूरजवळच्या खाणवस्तीत वाढलेले, कोळसा कामगाराचे पुत्र उमेश यादव विशीच्या घरात येईपर्यंत टेनिसच्या चेंडूनेच खेळत होते. २००८ मध्ये ते विदर्भाकडून रणजी खेळले आणि २०११ मध्ये विदर्भाचे पहिले कसोटीपटू झाले. ही अभिमानाची गोष्ट आहेच. परंतु ज्यांना कातडी चेंडू विसाव्या वर्षीही मिळाला नाही, त्यांची नावे कोणत्याही धावफलकावर नाहीत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. विद्यालयासाठी सपाट, कुंपण असलेले, झुडपांपासून दूर असे मैदान होण्यासाठी जे जमेल ते करावे. मुलांनी चेंडूमागे जंगलात पाहत उभे राहण्याचे दिवस संपावेत. मैदान झाले की बॅट शाळेचीच असावी, आणि पहिल्या संध्याकाळी मुले व मुली मिळून मातीत रेघा ओढाव्यात. आकडे लिहिणाऱ्याला शेवटची रेघ, हा नियम बदलू नये.

जय भीम.