खडी चाळून का घेतात?

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला मामाकडे गेले होते. मामा हडपसरला राहतो. बांधकामाचा माल तपासतात तिथे तो कामाला आहे. मला वाटायचं, खडी ती खडी, तिची कसली तपासणी? पण आमच्या घरी एक गोष्ट घडली होती, म्हणून मी त्याला विचारून विचारून भंडावून सोडलं.

मागच्या उन्हाळ्यात बाबांनी मळ्यात काँक्रीटची पाण्याची टाकी बांधून घेतली. फळ्या काढल्या तर काय, भिंतीला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं! वरून गिलावा केला तरी टाकी गळते ती गळतेच. आई अजून विहिरीवरून पाणी आणते. आणि संक्रांतीनंतर तर आमच्या घराचा स्लॅब टाकायचा आहे.

मामाने मला गाडीवरून वाघोलीला नेलं. तिथे दगडाच्या मोठमोठ्या खाणी आहेत. दगड काळा, त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन असा दगड तयार झाला. पुण्यातलं पाताळेश्वराचं लेणंसुद्धा याच जातीच्या दगडात कोरलेलं आहे. क्रशरमध्ये दगड फुटतो, मग हलत्या जाळ्यांवरून जातो आणि ज्याच्या त्याच्या आकाराप्रमाणे वेगळा पडतो. एक ढीग ४० मिलिमीटरचा, एक २० चा, एक १० चा. त्या १० च्या खडीला आमच्याकडे कच म्हणतात. शेवटी क्रश सँड, म्हणजे दगडाचीच वाळू. धुरळा इतका की माझ्या वेण्या पांढऱ्या झाल्या. मामी लई रागावली.

दुसऱ्या दिवशी मामाच्या कामावर गेले. तिथे पितळी चाळण्या एकावर एक रचलेल्या होत्या. मोठ्या भोकांची वर, बारीक भोकांची खाली, तळाला थाळी. आईची गव्हाची चाळण, रव्याची चाळण, पिठाची चाळण एकावर एक ठेवली तर दिसेल, तसंच. वरून खडी टाकली की यंत्र सगळं गदागदा हलवतं. मग प्रत्येक चाळणीवर किती राहिलं ते तोलतात. ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून पडते ती वाळू, वर राहते ती खडी. याचे सरकारी नियम आहेत, त्यांना आयएस ३८३ म्हणतात. २० मिलिमीटरपर्यंतच्या मिश्र खडीत १०० किलोंपैकी २५ ते ५५ किलो खडी १० च्या चाळणीतून खाली गेली पाहिजे. म्हणजे सगळी मोठी नको, सगळी बारीक पण नको.

का नको, ते मामाने बादलीत दाखवलं. १० लिटरची बादली नुसत्या २० च्या खडीने काठोकाठ भरली. आता ही भरली ना? मी म्हटलं, भरली. मग त्याने बाटलीने पाणी ओतलं. साडेचार लिटर पाणी आत मावलं! मग मोठी खडी, कच आणि वाळू कालवून बादली पुन्हा भरली. आता अडीच लिटरच मावलं. मोठ्या खडीच्या फटीत कच बसते, कचेच्या फटीत वाळू, आणि उरलेल्या फटी सिमेंटने बुजतात. आमच्या टाकीत कच टाकलीच नव्हती. फटी बुजल्या नाहीत, त्याच वाटेने पाणी बाहेर.

मी विचारलं, मग सगळी बारीकच का नाही घ्यायची? मामा म्हणाला, अख्ख्या बटाट्याला मसाला कमी लागतो, त्याच्याच फोडी केल्या की जास्त लागतो. तसं बारीक मालाला सिमेंट आणि पाणी जास्त लागतं. पाणी जास्त झालं की काँक्रीट कच्चं राहतं. आणि ४० ची खडी पायाला चालते, पण स्लॅबच्या सळ्यांत ती अडकून बसते, खाली उतरत नाही.

घरी आल्यावर बघते तर दारात नुसत्या २० च्या खडीचा ढीग. मी बादली आणली आणि बाबांना आणि मिस्त्रीकाकांना प्रयोग करून दाखवला. काका आधी हसले. मग त्यांनी स्वतः पाणी मोजलं आणि काही बोलले नाहीत. मंगळवारी बाबांनी कच मागवली. आता दारात तीन ढीग आहेत. शेळ्या त्यावर चढून माल एकत्र करतात, म्हणून शाळा सुटली की त्यांना हाकलायचं काम माझ्याकडे आहे.