माळवदाखाली

लोहारा तालुक्यातील माकणी हे तेरणेकाठचे गाव. निजामी राजवट १९४८ साली गेली. पुढे येथेच मांजरेला मिळणारी ही तेरणा अडवून निम्न तेरणा धरण झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे निजलेली असताना, किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. सुमारे दहा हजार जीव गेले. धरणाच्या पाण्याने भूकंप घडवला का, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला.

मला मात्र त्या भिंती आठवतात. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. त्यांनीच माणसे गाडली. धरणी पुन्हा कधी हलेल, हे कोणी सांगू शकत नाही. घर कसे बांधावे, हे मात्र आपल्या हाती आहे. धरणाला बोल लावून ती जबाबदारी टळत नाही.