जुन्या पिकअपला कॉमन रेल इंजिन (लेखमाला : भाग 7)

जुन्या डिझेल पिकअपचे पंप-नोझलचे इंजिन उतरवून तिथे कॉमन रेल इंजिन बसवायचे म्हटले की मालकाचे लक्ष लोखंडाकडे असते. लोखंड बहुधा जुळते. अडते ते वायरिंग, डिझेल, पाणी आणि आरसी बुक या चार ठिकाणी.

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन उतरवणाऱ्या किंवा अर्धापूरकडची केळी भरणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये महिंद्राचे डीआय इंजिन पुष्कळदा दिसते. चार सिलिंडर, 2,523 सीसी, संगणक नाही. डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे पंप ठरवतो, आणि पंप फिरतो तो इंजिनाच्या गतीवर. बॅटरी उतरली तरी उतारावर धक्का मारून गाडी सुरू होते. अहमदपूर-लोहा रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली, तर हा गुण किती मोलाचा ते चालकच जाणतो.

इंजिन बदलण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पेट्रोलच्या जीप लिलावात घेऊन त्यांत डिझेल इंजिन बसवणारी गॅरेजे एके काळी गावोगाव होती. मॅटाडोरचे इंजिन जीपमध्ये घालणे हा मेस्त्र्यांच्या हातचा मळ होता. तेव्हा प्रश्न फाउंडेशनचा, बेल हाउसिंगचा आणि प्रोपेलर शाफ्टच्या लांबीचा असे. वेल्डिंग आणि लेथ यांवर काम भागत असे. कॉमन रेलने हे गणित बदलले.

जुन्या पद्धतीत नोझल साधारण दोनशे-अडीचशे बार दाबाला उघडते. कॉमन रेलमध्ये एक पंप सगळ्या सिलिंडरांसाठी मिळून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो आणि तिथला दाब 1,600 बारपर्यंत जातो. तुलनेसाठी, पिकअपच्या मागच्या टायरमधली पासष्ट पौंड हवा म्हणजे जेमतेम साडेचार बार. इंजेक्टर विजेवर उघडतात आणि मुख्य फवाऱ्याआधी थोडे डिझेल सोडून ज्वलनाचा दणका कमी करता येतो. नव्या इंजिनाचा खडखडाट कमी असतो तो यामुळे.

फरक सर्वांत ठळक दिसतो तो लाइनमध्ये हवा धरल्यावर. जुन्या इंजिनावर मेस्त्री सतराच्या पान्याने नोझलच्या पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करतो, दुसरा माणूस स्टार्टर मारतो, आधी फेस आणि मग स्वच्छ डिझेल उडाले की नट आवळतो. हात डिझेलने भिजतात, इतकेच. कॉमन रेलच्या चालू इंजिनावर हाच पाना लावला तर सुईसारखी धार कातडी फोडून आत शिरते. वर टोचल्याएवढी खूण आणि आत डिझेल, अशा जखमेला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. सवयीचा हात इथे घात करतो. हवा काढायची ती फिल्टरजवळच्या कमी दाबाच्या हातपंपाने, इंजिन बंद ठेवून.

इंजिन निवडताना मोह मोठ्याचा होतो. स्कॉर्पिओचे 2,179 सीसीचे एमहॉक 120 अश्वशक्ती देते, जुन्या डीआयच्या सुमारे दुप्पट. पण पिकअपचा क्लच, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि ब्रेक जुन्या ताकदीच्या हिशेबाने बनलेले असतात. बोलेरोत आलेले 2,523 सीसीचेच कॉमन रेल इंजिन त्या मानाने शहाणपणाची निवड. क्षमता तीच आणि घराणेही जवळचे. तरी फाउंडेशनची भोके आणि फ्लायव्हील प्रत्यक्ष मापल्याशिवाय व्यवहार करू नये.

सुटे इंजिन घेणे ही नेहमीची चूक. इंजिनासोबत ईसीयू (इंजिनाचा संगणक), वायरिंगचा अख्खा हार्नेस, इलेक्ट्रॉनिक अॅक्सिलरेटर पेडल आणि, इमोबिलायझर असल्यास, त्याच गाडीची किल्ली लागते. क्रँक आणि कॅम सेन्सर, रेलचा दाब, पाण्याचे तापमान, यांतले एक महत्त्वाचे वाचन चुकले तरी ईसीयू ताकद कापतो किंवा इंजिन सुरूच होऊ देत नाही. म्हणून अपघाती गाडी कापायला काढलेली असताना हार्नेस कनेक्टरसह उतरवून घ्यावा; कातरीने कापलेला हार्नेस म्हणजे भंगार. जुन्या चेसिसची गंजलेली अर्थिंग तासून नवी जाड पट्टी लावावी, कारण ढिल्या अर्थचे दोष स्कॅनरवर सेन्सरच्या नावाने दिसतात. धान्याच्या गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीला उंदरांचाही विचार करावा लागतो. जुन्या गाडीत त्यांना कुरतडायला फारसे काही नसते.

उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच असते. शेतावर बॅरलमध्ये साठवलेले, कॅनने ओतलेले, पाणी मिसळलेले डिझेल जुना पंप काही काळ सोसतो, नवा सोसत नाही. टाकी उतरवून धुणे, नव्या लाइन आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर हा खर्च टाळण्यासारखा नाही. रेडिएटरचेही तसेच. मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांवर जातो. त्यात टर्बो आणि पुढे लावलेला इंटरकूलर यांनी उष्णता वाढते. बोअरचे क्षारयुक्त पाणी भरले की रेडिएटरच्या नळ्यांत थर बसतो. कूलंट आणि शुद्ध पाणीच हवे.

उरतो कागद, आणि खरा अडसर तोच. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रूपापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. 9 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पासिंगच्या वेळी निरीक्षक चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहतो. अपघातानंतर विमा कंपनीही तेच पाहते. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचे इंजिन, परवानगी घेऊन आणि नवा नंबर आरसीवर चढवून, बसवणे ही वेगळी गोष्ट.

तेव्हा एमएच-24 असो की एमएच-26, इंजिनाचा बयाणा देण्याआधी आरसी घेऊन लातूर किंवा नांदेडच्या परिवहन कार्यालयात जावे आणि लेखी उत्तर घ्यावे. उत्तर नकाराचे आले, तर जुन्याच इंजिनाचे हाफ इंजिनचे काम आणि पंप-नोझलचे कॅलिब्रेशन करून घ्यावे.