थव्यातली परकी

गणेशखिंडीतील पुणे विद्यापीठाची मुख्य वास्तू १८६४ साली मुंबईच्या गव्हर्नरांच्या पावसाळी मुक्कामासाठी बांधावयास घेतली गेली, पुढे लाटसाहेबांचा अंमल सरला, १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले. परंतु फाल्गुनाच्या सुमारास आवारातील काटेसावरी फुलल्या म्हणजे तेथे ज्यांचा दरबार भरतो, त्या भोरड्यांच्या वहिवाटीत या सत्तांतराने तिळमात्र फरक पडलेला नाही.

भोरडी साळुंकीच्या कुळातली. डोके, पंख व शेपटी काळी, पाठ नि पोट गुलाबी. मध्य आशियाच्या गवताळ मुलखात, जेथे टोळ विपुल तेथे, मोठ्या जमावाने वीण उरकून ती ऑगस्टच्या आगेमागे दख्खनेत दाखल होते आणि एप्रिलपर्यंत ठाण मांडते. तिकडे टोळांचा फडशा पाडणारी ही उपकारकर्ती इकडे हुरड्यावर तुटून पडते. माळ्यावरून गोफण फिरवणाऱ्या राखणदारापुढे तिच्या सत्कृत्यांची कैफियत मांडण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

गेल्या फाल्गुनात अशाच एका सावरीखाली मान अवघडेपर्यंत उभा असता, मधासाठी चाललेल्या त्या कलकलाटात एक पक्षी निराळा भासला. गुलाबी रंगाचा मागमूस नाही. सर्वांग काळे, त्यावर पांढुरके ठिपके, आणि उन्हाची तिरीप पडताच पाण्यावर तेल पसरावे तशी जांभळी-हिरवी झळाळी. ही युरोपीय मैना असावी. तिची वीण काश्मीरातही होते, हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानच्या मैदानांत ती उतरते; दख्खनेत मात्र तिचे दर्शन विरळा. अमेरिकेत, जेथे १८९० व १८९१ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडलेल्या शंभरेक पक्ष्यांचा वंशविस्तार खंडभर झाला, तेथे तिला कोणी दुर्मीळ म्हटले तर लोक हसतील.

तथापि अशा प्रसंगी मन उतावीळ होते, आणि उतावीळ साक्षीदार पंचनाम्यास कुचकामाचा. भोरडीची पहिल्या हिवाळ्यातली पिले मातकट असतात, गुलाबी नसतात. शिवाय सावरीच्या परागांनी थव्यातल्या निम्म्यांची कपाळे पिवळी झालेली! ठिपक्यांवरही सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण ते पिसांच्या केवळ टोकांना असतात, आणि ती टोके झिजत गेली की, एकही नवे पीस न येता, वसंतापर्यंत पक्षी जवळजवळ निष्कलंक काळा होतो. म्हणून मी चोचीकडे पाहिले. भोरडीची चोच आखूड, किंचित बाकदार. हिची सरळ, लांबट, दाभणासारखी.

इतक्यात शिक्रा आला. सगळा थवा एका अंगाने उठला, मुख्य इमारतीवरून दोनदा वळला आणि पुन्हा त्याच झाडावर उतरला. पाऊण तास मी एकेक फांदी धुंडाळली. वहीत संख्येच्या रकान्यात ‘एक’ लिहिले; शेऱ्याच्या रकान्यात फक्त ‘चोच पाहिली’ एवढेच.