न सांगितलेला शेवट

मी पनवेलच्या एका शाळेत मुख्याध्यापक असताना सातवीतला एक विद्यार्थी मधल्या सुटीत माझ्याकडे आला. त्याच्या हातात ग्रंथालयातील एक पुस्तक होते आणि चेहऱ्यावर किंचित राग होता. तो म्हणाला, "गुरुजी, ह्या पुस्तकाची शेवटची पाने कोणीतरी फाडून नेली आहेत." मी पुस्तक उघडून पाहिले. सर्व पाने जागच्या जागी होती. कथाच तेथे थांबली होती!

ते पुस्तक म्हणजे ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद होता. मूळ कादंबरी १८६५ साली प्रसिद्ध झाली. १९०० साली 'केरळ कोकिळ' या मासिकाने ती मराठी वाचकांपुढे आणली, आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ पुष्कळदा तेथूनच मानला जातो.

या कथेत तीन धाडसी पुरुष एका पोकळ गोळ्यात बसतात आणि अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतातून, नऊशे फूट लांबीच्या तोफेतून, चंद्राकडे झेपावतात. पुढे काय होते? पर्वतशिखरावरील मोठ्या दुर्बिणीतून दिसते, की गोळा चंद्रावर न पोहोचता त्याच्याभोवती फिरू लागला आहे. आता दोनच गोष्टी संभवतात, असे वेधशाळेचे प्रमुख कळवितात. चंद्राचे आकर्षण गोळ्याला खाली ओढील, किंवा गोळा चंद्राभोवती सदैव फिरत राहील. प्रवाशांचा एक मित्र मात्र आशा सोडीत नाही. एवढे सांगून लेखक लेखणी खाली ठेवतो.

मुलांनो, असा शेवट वाचून आपण चिडतो. लेखकाने आपल्याला अर्ध्या वाटेवर सोडले, असे वाटते. परंतु थोडा विचार करा. दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या माणसाला गोळा दिसत होता. आतील माणसे दिसत नव्हती. त्याला जेवढे ठाऊक होते, तेवढेच लेखकाने आपल्याला दिले. ज्ञान जेथे संपले, तेथे कथाही थांबली.

तथापि प्रत्येक अपुरी कथा चांगली असतेच असे नाही. शेवट सुचला नाही म्हणून कथा सोडून देणे निराळे, आणि वाचकाला विचार करता यावा म्हणून ती योग्य ठिकाणी थांबविणे निराळे. चांगला लेखक शेवट झाकून ठेवतो, पण खुणा मागे ठेवतो. प्रवाशांजवळ अन्नपाणी होते, हवा शुद्ध करण्याची साधने होती. हे व्हर्नने आधीच सांगितले आहे. त्या खुणा जुळवून अनुमान करावयाचे काम आपले.

आर्थर क्लार्क यांच्या १९७३ सालच्या एका कादंबरीतही असाच शेवट आहे. सूर्यमालेत बाहेरून एक प्रचंड नळकांडे येते. त्याची लांबी पन्नास किलोमीटर! ग्रीक व रोमन देवतांची नावे संपल्यामुळे ज्योतिषी त्याला आपल्या रामाचे नाव देतात. माणसे आत शिरतात, पुष्कळ काही पाहतात. पण ते कोणी बनविले आणि कशासाठी, हे कळण्याच्या आतच ते दूर निघून जाते.

प्रत्यक्ष विज्ञानातही असे घडते. १९७७ साली 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात गेली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर मराठीतून केलेले अभिवादन आहे, आणि गोव्यातील केरी गावच्या थोर गायिका केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवीही आहे. एकटीने निघालेलीला 'कोठे चाललीस?' असे त्या गीतात विचारले आहे. ती तबकडी कोणाच्या हाती पडेल काय? याचे उत्तर कोणाजवळही नाही. तरीही माणसाने ती पाठविली.

आता त्या विद्यार्थ्याविषयी सांगतो. व्हर्नने पुढे १८७० साली या कथेचा दुसरा भाग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. तो माझ्या कपाटात होता; पण मी तो लगेच दिला नाही. "आठ दिवस विचार कर आणि तुझा शेवट लिहून आण," असे सांगितले. त्याने दोन पाने लिहून आणली. प्रवासी परत येणार नाहीत, कारण परतण्यासाठी चंद्रावर दुसरी तोफ नाही, असा त्याचा तर्क होता. मग मी दुसरा भाग त्याच्या हाती ठेवला. त्यात प्रवासी चंद्राला वळसा घालून परततात आणि पॅसिफिक महासागरात पडतात. १९६८ साली 'अपोलो ८' मधून गेलेले तीन अमेरिकन अंतराळवीरही चंद्राला प्रदक्षिणा घालून त्याच महासागरात उतरले!

"गुरुजी, माझे चुकले," तो हिरमुसून म्हणाला. मी म्हणालो, "उत्तर चुकले, पण कारण शोधावयास तू शिकलास. पाने फाटलेली नव्हती, बाळ. ती तुझ्यासाठी कोरी ठेवली होती."