स्वतःची वीज आणि बचतीचा खरा हिशेब

आपल्या आवारातच वीज निर्माण करण्याकडे लहानमोठ्या उद्योजकांचा कल वाढत आहे. शीतगृहे, दूध शीतकरण केंद्रे, तेलगिरण्या, यंत्रमागाची शेड अशा अनेक व्यवसायांच्या छपरांवर सौर संच दिसू लागले आहेत. मात्र अशा संचामुळे किती बचत होईल याचा अंदाज पुष्कळदा एकाच गुणाकाराने बांधला जातो : वर्षभरात निर्माण होणारी युनिटे गुणिले वीजबिलातील सरासरी दर. हा गुणाकार सोपा आहे, परंतु तो बरोबर नाही. त्यावर विसंबून कर्ज काढणाऱ्या छोट्या उद्योजकाला किंवा सहकारी संस्थेला ही चूक पुढे हप्त्यांच्या रूपाने भोगावी लागते.

जुनी परंपरा

स्वतःपुरती वीज निर्माण करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. साखर कारखाने उसाचा चोथा बाष्पकात जाळून वाफ तयार करतात. ही वाफ आधी टर्बाइन फिरविते आणि नंतर रस आटविण्याच्या कामी येते. एकाच इंधनाकडून अशी दोन कामे करून घेतली जातात. १०० टन ऊस गाळल्यावर सुमारे २८ ते ३० टन चोथा मिळतो. तरीही हा चोथा फुकटचा समजणे योग्य नव्हे. तो कागद कारखान्यास विकून जी रक्कम मिळाली असती, ती विजेच्या खर्चात धरावीच लागते.

विद्युत अधिनियम, २००३ अन्वये स्ववापरासाठी वीजनिर्मिती केंद्र उभारण्याची मुभा मिळाली. पुढे सौर पॅनेलच्या किमती उतरल्या आणि हा मार्ग लहान व्यवसायांनाही खुला झाला. साधने बदलली तरी हिशेबाचे तत्त्व तेच राहिले : आपल्याकडील प्रत्येक युनिट नेमका कोणता खर्च टाळते, हे पाहणे.

बिलाची फोड

वीजबिलात दोन प्रकारच्या रकमा असतात. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार या रकमा वापरलेल्या युनिटांनुसार कमीजास्त होतात. स्थिर आकार किंवा मागणी आकार हा मात्र मंजूर भार व कमाल मागणी यांच्याशी निगडित असतो. छपरावरील वीज पहिल्या प्रकारच्या रकमा कमी करते. दुसऱ्या प्रकारच्या रकमांवर तिचा परिणाम सहसा अल्प असतो. महिन्यातील एखाद्या ढगाळ दुपारी सर्व यंत्रे एकाच वेळी चालू राहिली, तरी मीटरवर पूर्वीइतकीच कमाल मागणी नोंदली जाऊ शकते. म्हणून एकूण बिलाला युनिटांनी भागून आलेला सरासरी दर बचतीसाठी वापरता येत नाही.

दुसरी बाब वेळेची. केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार १० किलोवॉटहून अधिक कमाल मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर आकारण्याची तरतूद झाली. सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी, तर सर्वाधिक मागणीच्या काळातील दर किमान १.२० पट ठेवावयाचा, असे हे धोरण आहे. याचा अर्थ असा की, सौर संच जी वीज वाचवितो ती दिवसातील स्वस्त वीज असते.

एक उदाहरण

समजा, एका लहान अभियांत्रिकी कार्यशाळेचे मासिक बिल ५,००० युनिटांसाठी ५५,००० रुपये आहे. सरासरी दर युनिटला ११ रुपये पडतो. तिने १५ लाख रुपये खर्चून ३० किलोवॉटचा सौर संच बसविण्याचे योजिले आहे. महाराष्ट्रात एक किलोवॉटचा संच दररोज सरासरी ४ युनिटे, म्हणजे वर्षाकाठी ढोबळमानाने १,४०० युनिटे देतो. त्यानुसार या संचाची वार्षिक निर्मिती ४२,००० युनिटे होईल. ११ रुपये दराने बचत ४,६२,००० रुपये दिसते आणि भांडवल सव्वातीन वर्षांत वसूल होईल असे वाटते.

आता बिलाची फोड करून पाहू. कार्यशाळेला आठवड्यातून एक दिवस सुटी असते. त्यामुळे एकसप्तमांश, म्हणजे ६,००० युनिटे स्वतःच्या वापराविना वाहिनीत जातील. त्यांचे मोल युनिटला ३ रुपये धरू. उरलेल्या ३६,००० युनिटांमुळे दिवसाच्या दराने, शुल्कासह, ७ रुपये प्रत्येकी वाचतील. दोन्ही मिळून २,७०,००० रुपये होतात. धुलाई, देखभाल, विमा आणि पुढेमागे इन्व्हर्टर बदलण्यासाठीची तरतूद मिळून ३०,००० रुपये वजा केल्यास निव्वळ बचत २,४०,००० रुपये उरते. भांडवल वसूल होण्यास सव्वासहा वर्षे लागतील.

संच तोच आणि ऊनही तेवढेच. मात्र दोन हिशेबांत तीन वर्षांचे अंतर पडले. १५ लाखांचे कर्ज पाच वर्षांच्या मुदतीचे असेल, तर व्याज सोडूनही वर्षाला ३ लाख रुपये फेडावे लागतील. बचत तेवढी नाही. याचा अर्थ संच तोट्याचा आहे असा नव्हे. पॅनेलचे आयुष्य सुमारे २५ वर्षांचे असते आणि कर्ज फिटल्यानंतरची बचत पदरात पडते. परंतु कर्जाची मुदत पहिल्या नव्हे, तर दुसऱ्या हिशेबावरून ठरली पाहिजे.

वीजपुरवठा बंद पडल्यास

संच बसविला की डिझेल जनित्राचा खर्च थांबेल, असाही एक समज आढळतो. वाहिनीशी जोडलेला साधा सौर संच वीजपुरवठा खंडित होताच आपोआप बंद होतो. वाहिनीवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला धक्का बसू नये, यासाठी ही योजना असते. बॅटरी किंवा जनित्राशी जुळवून घेणारी खास व्यवस्था नसेल, तर डिझेलची बचत हिशेबात धरता येत नाही. एक लिटर डिझेलपासून साधारणतः ३ ते ३.५ युनिटे मिळतात. लिटरला ९० रुपये धरल्यास केवळ इंधनापोटी युनिटला २६ ते ३० रुपये पडतात. एवढी महाग वीज चुकून बचतीत धरली गेली, तर सारा अंदाज फुगतो.

अंदाज बांधण्याची रीत

मागील १२ महिन्यांची बिले समोर ठेवावीत. प्रत्येक महिन्यासाठी संचाविना येणारे आणि संचासह येणारे अशी दोन बिले मांडावीत; त्यांतील फरक हीच बचत होय. पावसाळ्यात निर्मिती घटते, म्हणून वर्षाची सरासरी सर्व महिन्यांना लावू नये. दर किलोवॉटमागे सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा आहे काय, हे पाहावे. पॅनेलची क्षमता दरवर्षी किंचित घटते, हेही लक्षात घ्यावे.

शक्य असेल तेथे कामाच्या वेळाही तपासाव्यात. दूध शीतकरण केंद्राने दुपारच्या उन्हात बर्फ साठवून त्यावर सायंकाळचे दूध थंड केले, तर सायंकाळची महाग वीज वाचते. असा बदल संचाइतकाच फलदायी ठरू शकतो.

ग्रामपंचायतीची पाणीपुरवठा योजना असो, शाळा असो वा सहकारी संस्था, प्रस्ताव समोर आल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा : हे युनिट बिलातील कोणती रक्कम कमी करणार? शिक्षकांनी शाळेचेच बिल वर्गात घेऊन ही आकडेमोड करून दाखविली, तर विद्यार्थ्यांना गणिताचा धडा मिळेल आणि गावाला हिशेब तपासणारी माणसे मिळतील.