पेडलची झिजलेली पिन

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये बनलेल्या एमजीबी गाडीत क्लच पूर्ण दाबूनही गिअर खरखरू लागला, की बहुतेक जण आधी मास्टर सिलिंडर बदलतात. माझा आग्रह आहे, आधी पेडलपाशी टॉर्च मारा. पेडल आणि पुशरॉड यांना जोडणारी जेमतेम ८ मिमी जाडीची क्लेव्हिस पिन वर्षानुवर्षे एकाच बाजूने घासली जाते. तिच्यावर खाच पडते आणि पेडलचं गोल भोक लंबगोल होतं. पेडल ही तरफ असल्यामुळे पिनपाशी एक मिलिमीटर झीज झाली, तरी पायाखाली त्याच्या कितीतरी पट हालचाल फुकट जाते. मग क्लच पुरता सुटत नाही.

नुसती पिन बदलणं ही अर्धीच दुरुस्ती. लंबगोल भोकात नवी पिनही सैलच राहते. भोक वेल्डिंगने भरून मूळ मापाचं पाडावं, किंवा रीमरने मोठं करून ब्राँझचं बुश बसवावं. पुशरॉडचा फोर्क आणि पेडलच्या शाफ्टची बुशंही तेव्हाच तपासावीत. पिनऐवजी बोल्ट मात्र कधीच घालू नये. त्याचे आटे कानशीसारखे भोक खातात.

ब्रेक पेडलची अशीच पिन दुरुस्त करताना मात्र सगळी ढिलाई काढू नका: ब्रेकच्या पुशरॉडला किंचित प्ले ठेवावाच लागतो, नाहीतर ऑइल परतीची वाट बंद होऊन ब्रेक धरून राहतात. क्लेव्हिस पिन जागेवर धरणारी स्प्लिट पिन नेहमी नवीच वापरा.